दोन विहिणी पुरीला

सौंदड,
बुधवार, दुपार

प्रिय रुची,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, इथं सगळे ठीक आहेत. तुझे बाबा ठीक, म्हैस ठीक, मीसुद्धा ठीक. पुरीहून परत आल्यापासून मी नुसते कपडे धुऊन राहिले आहे. किती झटकलं तरी कुठून ना कुठून वाळू निघतेच. काल बाबांच्या ताटातही निघाली. ते म्हणाले, "तू समुद्र पाहाले गेलती का आनाले?" धानाच्या बांधीत लाखोळीचं पीक गुडघ्याला लागलं आहे. कोवळे शेंडे खुडून भाजी केली, तेव्हा तुझी आठवण आली. मागच्या वर्षी तू तीन वाट्या खाल्ली होतीस आणि वर विचारलं होतंस की ही पुण्यात का मिळत नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आपलं कसं होतं तुला ठाऊक आहे. मी विचारते जेवलीस का, तू विचारतेस गुडघा कसा आहे, दोघी बरं-बरं म्हणतो आणि गुड्डू फोन घेतो. कागदावर मी थांबले तरी समोरचं माणूस निघून जात नाही. म्हणून बाबांना बाजारात पाठवून, दार लोटून बसले आहे. पुरीच्या गमती तुला पहिल्यापासून सांगते.

तुम्ही दोघं विमानानं येणार, आम्ही दोघी आया, गुड्डूची आई मी आणि तुझी मम्मी, गोंदियाहून रेल्वेनं येणार, आणि शनिवार-रविवार चौघं समुद्रावर राहणार, असा तुमचा बेत होता. मग गुरुवारी गुड्डूचा फोन आला. आमचं ऑफिसमुळे जमत नाही, तुम्ही दोघी जाऊन या, तिकिटं काढलेली आहेत. मी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता दोन दिवस तुझ्या मम्मीशी बोलायचं काय? रुची, तुला हे माहीत नाही असं मी समजत नाही. तुमच्या लग्नात गोंदियाच्या त्या लॉनवर आमच्या गावची म्हातारी माणसं हातात प्लेट घेऊन उभी होती, पंगत कुठं बसते ते शोधत होती. तुझी मम्मी येऊन म्हणाली, "समधनजी, इनको बोलिए न, लाइन में लग जाएँ." ती साधंच बोलली असेल. पण मला ते लागलं. तिलाही माझं काहीतरी लागलं होतं, ते मला पुरीला कळलं. मी म्हणे तुमच्या घरचा शालू हातात घेऊन न पाहताच बाजूला ठेवला होता. मला तर तो शालू आठवतही नाही, त्या दिवशी माझं डोकं जागेवर नव्हतं. तेव्हापासून दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन, "कसं काय", "सब बढ़िया", झालं.

मी बाबांना म्हटलं, मी नाही जात. तिच्यासंगं दोन दिवस काय बोलू? ते गोठ्यातूनच म्हणाले, "नोको बोलू. समुद्राकडे पाहत राय. तो तं कोनासंगंच बोलत नाही. जा न वो, तू गेल्यानं ढोरं का उपाशी मरतेत?"

गोंदियाच्या फलाटावर तुझे पप्पा मम्मीला सोडायला आले होते. दुकानातून तसेच उठून आलेले, खिशाला मापाची टेप लटकलेली. मला नमस्कार करून हळूच म्हणाले, "समधनजी, जरा ध्यान रखना. इनको पानी से डर लगता है." तेवढ्यात तिनं डोळे वटारले आणि ते गप्प झाले. गाडी सुटली. तिची वरची बर्थ होती, माझी खालची. तिला वर चढताना पाहून मी म्हटलं, तुम्ही खाली या, मी वर जाते. तर म्हणाली, तुमचा गुडघा दुखतो, रुची सांगत होती. शेवटी खाली दोघी बसून राहिलो, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे आमच्या पिशव्या. डोंगरगड गेलं, दुर्ग गेलं. दोघी खिडकीतून बाहेर पाहून राहिलो, जसं काही कुणी आम्हाला भाताची शेतं मोजायला बसवलं होतं.

रायपूरला भूक लागली. मी डबा उघडला, तिनंही उघडला. तुला हसू येईल. मी उडदाचे वडे आणि जवसाची चटणी आणली होती, गुड्डूला आवडते म्हणून. ती मेथीच्या पुऱ्या आणि भरली मिरची घेऊन आली होती, तुझ्यासाठी. तुम्ही येणार नाही हे दोघींना माहीत होतं, तरी दोघींनी चौघांचं केलं होतं. हात थांबलाच नाही, असं ती म्हणाली. मग तिनं एक वडा उचलला, थोडा चावला आणि विचारलं, "ये गुड्डूजी को पसंद है?" मी म्हटलं, लहानपणी यासाठी शाळा बुडवत होता. तिनं दुसरा घेतला. मी तुझ्या मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या. मला मेथी कडू लागते, पण त्या चांगल्या होत्या, तिला सांगू नकोस. मग ती तुझ्याबद्दल बोलू लागली आणि मी गुड्डूबद्दल, आणि शेजारच्या बाईनं दिवा बंद करायला सांगितला तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही मोठ्यानं बोलून राहिलो आहोत.

शनिवारी सकाळी पुरीला उतरलो. तुम्ही पाहून ठेवलेलं हॉटेल फार छान होतं, खोलीच्या गॅलरीतून सरळ समुद्र. मी नवेगाव बांधची मुलगी. माझ्या बापाच्या घरापासून तळं दिसायचं, आणि मला वाटायचं, पाणी म्हणून जे काय असतं ते मी पाहिलेलं आहे. पण तळ्याचं पाणी आपल्या जागी राहतं. आपण जायचं, पाय धुवायचे, परत यायचं. हे पाणी आपल्याकडे चालत येतं ग. पायाखालची वाळू ओढून नेतं आणि वाटतं आपणच मागे सरकतो आहोत. मी पातळ गुडघ्यापर्यंत उचलून उभी होते आणि हसू आवरत नव्हतं. तिथं पाण्यात उतरवायला कोळी असतात, वेताच्या टोकदार टोप्या घातलेले. एकानं मला "माउसी, आओ, हाथ पकड़ो" म्हटलं, तर मी खरंच त्याचा हात धरला. तुझी मम्मी मात्र दूर, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही पर्सा मांडीवर. एक उंटवाला येऊन तिला बसा म्हणत होता, मोतीवाला मोती दाखवत होता, आणि ती सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "बच्चे आएँगे तब." मी ते ऐकलं. तुम्ही येणार नव्हता, तिला माहीत होतं, तरी तोंडातून तेच निघत होतं.

दुपारी जगन्नाथाचं दर्शन घेतलं. तिथं मंदिरातच एक बाजार आहे, महाप्रसादाचा. मातीच्या मडक्यात शिजलेला भात, डाळ, भाज्या. जमिनीवर बसायचं, एका पानावर घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यातलंच खायचं, तिथं उष्टं-खरकटं मानत नाहीत. आमच्या शेजारी एक कोट घातलेला माणूस अनोळखी म्हातारीच्या पानातून भात घेऊन राहिला होता. आम्ही दोघींनीही एकच पान घेतलं. मी धान पिकवणारी, भाताला मी सहसा चांगलं म्हणत नाही, पण तो भात उतरत गेला. खाता खाता तुझी मम्मी थांबली आणि म्हणाली, "समधनजी, हमने शादी में सबको नीचे बिठाना था न?" मी म्हटलं, तुमच्या लॉनवर नुसता चिखल होता, नीचे बसवलं असतं तर धोतरं धुवायला तुम्हीच आल्या असत्या. ती इतकी हसली की ठसका लागला. शालूचं तिनं तिथंच सांगितलं. त्यानंतर ती मला समधनजी म्हणायचं सोडून जमुना म्हणू लागली. मीही तिला दुर्गा म्हणते आता. दुर्गेश्वरी एवढं लांब नाव कोण घेत बसेल.

इथपर्यंत सगळं सांगायला सोपं होतं, रुची. आता पुढचं लिहिते.

संध्याकाळी आम्ही तुम्हाला व्हिडिओ कॉल केला, समुद्र दाखवायला. गुड्डूनं उचलला. दाढी वाढलेली, मागं दिवा लावलेला नाही. तू झोपली आहेस म्हणाला. दुर्गानं विचारलं, इस टाइम? तो म्हणाला, ऑफिसमुळे थकली आहे. मग त्यानंच पटकन बाय म्हटलं. आम्ही दोघी फोनकडे पाहत राहिलो. ती चहा आणायला गेली तेव्हा मी वाळूवर थोडी पुढं गेले आणि एकटीनं गुड्डूला परत फोन लावला. म्हटलं, काय झालं रे? तो म्हणाला, आई, वारा खूप आहे, आवाज येत नाही. मी म्हटलं, "वारा माझ्याकडं आहे बाबू, तुझ्याकडं नाही. सांग."

त्यानं सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. कुणालाही सांगायचं नाही असं तू त्याला शपथ घालून सांगितलं होतंस आणि मी विचारेपर्यंत त्यानं ती शपथ पाळलीही. पण तो माझ्यापासून लपवू शकत नाही, लहानपणी चोरून साखर खाल्ली तरी स्वतःच येऊन तोंड दाखवायचा. फोनवर रडला तो. तिसरा महिना भरत आला होता, बुधवारी दवाखान्यात न्यावं लागलं, आणि राहिलं नाही. पुरीचा सगळा बेतच त्यासाठी होता, हेही सांगितलं. आम्हा दोघींना वाळूवर शेजारी बसवायचं आणि मग तू सांगणार होतीस. कुणाला आधी सांगायचं हा प्रश्नच नको, म्हणून दोघींना एकदम. तू म्हणत होतीस, समुद्रासमोर दोघी भांडणार नाहीत.

दुर्गा दोन कागदी कप घेऊन आली. तुझी आई आहे ती, तिच्यापासून लपवणं मला जमलं नसतं आणि लपवायचंही नव्हतं. मी सांगितलं. तिनं कप वाळूत ठेवले, ते लगेच कलंडले. आधी म्हणाली, मी आत्ता पुण्याला जाते, इथूनच जाते. मी म्हटलं, जाऊ, पण तिला कळल्याशिवाय दारात उभं राहून तिला दचकवायचं नाही. अंधार पडला, समोर लाटांचा पांढरा काठ तेवढा दिसत होता. आणि मग तिनं मला जे सांगितलं ते तुला तिनं कधी सांगितलेलं नाही. तिनंच मला म्हटलं, "मुझसे नहीं बोला जाएगा, जमुना. तुम लिख दो." म्हणून लिहिते.

तुझ्या आधी एक होतं. पाचव्या महिन्यात गेलं. सकाळी दवाखान्यातून घरी आणलं आणि संध्याकाळी रायपूरचे पाहुणे होते म्हणून ती चुलीसमोर पोळ्या करायला बसली. तिच्या सासूनं एवढंच म्हटलं, झालं ते झालं, याचा बोभाटा नको. तिला माहेरीही पाठवलं नाही. तुझे पप्पा रात्री दुकानातून येताना जिलबी घेऊन आले. तिला आवडायची म्हणून. बिचाऱ्याला दुसरं काय करावं सुचलंच नसेल. तिनं ती पुडी नालीत फेकली. नंतर तू झालीस, घर हसतं झालं, पण ती जिलबी ती पुन्हा खाऊ शकली नाही. तू तिला लग्नात आग्रह करत होतीस आणि ती साखरेचं निमित्त सांगत होती, आठवतं? साखर-बिखर काही नाही तिला. इतक्या वर्षांत तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या पप्पांशीही कधी बोलली नाही. मला म्हणाली, मी गप्प राहिले म्हणून माझी पोरगीही गप्प राहायला शिकली. मी म्हटलं, तसं नसतं ग. पण मनात वाटलं, असेलही.

गुड्डूनं अजून एक सांगितलं. तू सारखी म्हणतेस, स्कुटी चालवायला नको होती. ऐक. गुड्डू पोटात होता तेव्हा मी कमरेत वाकून चिखलात धानाची रोवणी केली, वरून पाऊस, पाय घसरून एकदा बांधीत पडलेसुद्धा, आणि तो टिकला. आमच्या शेजारची रुख्मा डॉक्टरनं सांगितलं म्हणून खाटेवरून उतरली नाही, घरच्यांनी तिला तळहातावर ठेवलं, आणि तिचं गेलं. ते आपल्या हातात नसतं. तुझ्या स्कुटीच्या तर मुळीच नाही. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं म्हणे, पण डॉक्टरांचं आपल्याला खरं वाटत नाही, म्हणून मी सांगते.

रविवारी सकाळी काय झालं ते सांगू की नको, असा विचार करत होते. पण सांगतेच. आम्ही दोघी लाल डोळ्यांनी उठलो आणि समुद्रावर गेलो. दुर्गा म्हणाली, "कुछ करना चाहिए क्या? फूल वगैरह?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती हात जोडून थोडी उभी राहिली, मीही राहिले. मग तिनं पर्स त्या खुर्चीवाल्याकडे दिली, पदर खोचला आणि माझा हात धरला. म्हणाली, "चलो." हात इतका घट्ट की माझ्या बांगड्या रुतल्या. घोट्यापर्यंत गेलो, गुडघ्यापर्यंत गेलो. ती डोळे मिटून राम-राम म्हणत होती. तेवढ्यात एक लाट आली आणि आम्ही दोघी धपकन बसलो. अशा-तशा नाही, पार बुडालो. उठलो तर तिची चप्पल गेलेली, माझा अंबाडा सुटलेला, तोंडात खारट पाणी. टोपीवाला कोळी धावत आला. आणि रुची, आम्ही हसू लागलो. थांबता येईना. लोक पाहत होते, दोन म्हाताऱ्या भिजलेल्या, एकमेकींना धरून हसताहेत, आणि मधेच दुर्गा रडू लागे, मधेच परत हसे. तुझं दुःख ताजं असताना आम्ही हसलो म्हणून मला आधी अपराधी वाटलं. मग वाटलं, नाही, हे तुला सांगायला हवं. तुलाही असंच कधीतरी मधेच हसू येईल. तेव्हा घाबरू नकोस, त्यानं काही कमी होत नाही.

येताना गाडीत तिनं बिनचपलीचे पाय माझ्या सीटवर ठेवले आणि गोंदिया येईपर्यंत झोपली. फलाटावर तुझे पप्पा उभे होते. तिच्या पायांकडे पाहून म्हणाले, "चप्पल कहाँ गई?" ती म्हणाली, घरी चला, सांगते, खूप सांगायचं आहे. ते जरा घाबरलेच. काल तिचा फोन आला होता, तिनं त्यांना सगळं सांगितलं, तुझंही आणि त्या जुन्याचंही. ते रात्री बराच वेळ अंगणात बसले होते म्हणे, आणि सकाळी दुकान उघडायला गेले नाहीत, तिच्याजवळच राहिले.

हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळेल, तसं पोस्टातल्या बाईला विचारून घेतलं आहे. सोमवारी मी आणि दुर्गा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघतो आहोत, दोघी मिळून. आधी कळवते ते यासाठी की तुला आमच्यासमोर काही झालंच नाही असं दाखवावं लागू नये. घर आवरू नकोस, डबे-भांडी लपवू नकोस, चेहरा धुऊन बसू नकोस. आम्हाला माहीत आहे, एवढं तुला माहीत असलं की पुरे. कसं झालं, का झालं, पुढं काय, यातलं आम्ही काही विचारणार नाही. गावात कुणी विचारलं तर त्यांच्याशी मी बोलेन, तो माझा विषय. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, आईच्या कुशीत झोपावंसं वाटलं तर झोप, दोघींना बाहेर घालवून दार लावावंसं वाटलं तर तेही कर, आम्ही खाली बाकावर जाऊन बसू. मला एवढंच माहीत आहे की दुर्गा तेव्हा एकटीनं पोळ्या करत होती आणि तू एकटी नसशील. तू खोलीत पडून राहा. स्वयंपाकघरात आम्ही दोघी असू. भाजीत मीठ किती घालायचं यावरून भांडत असू. तेवढा आवाज घरात येऊ दे.

तुझीच,
जमुनाआई